नवी दोननळी बंदूक: साफसफाई आणि निगा (पाऊस तोंडावर आलाय!)

काजूवाला | २८ मे, रात्री ९.१५

मंडळी, प्रश्न थोडा वेगळा आहे. बंदूक या विषयावरच आक्षेप असेल त्यांनी माफ करावं.

कुडाळ तालुक्यात आमची काजूची बाग आणि थोडी भातशेती आहे. बाबांच्या नावावर शेतीसंरक्षणाचा परवाना होता. त्यांचं वय झालं म्हणून यंदा रीतसर माझ्या नावावर करून घेतला. घरातली जुनी एकनळी विकायला काढली तेव्हा दुकानदाराने नळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटला, बराच वेळ आत बघितलं आणि काही न बोलता बंदूक बाजूला ठेवली. नळीला आतून गंजाचे खड्डे पडले होते. पंचवीस वर्षांत बाबांनी तिचे जेमतेम शंभर बार काढले असतील, म्हणजे झिजून गेली म्हणावं तर तसंही नाही.

आता नवी बारा बोर (बोर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) दोननळी घेतली आहे. दुकानदाराने तीन तुकड्यांचा गज, एक ब्रश आणि 'तेल लावत जा' एवढा सल्ला दिला. हिचंही तसंच होऊ नये म्हणून विचारतो:

बंदुकीवर कारखान्यातून आलेलं जाड चिकट ग्रीस आहे. ते तसंच ठेवायचं की काढायचं? बार काढला नाही तरी साफ करावी लागते का? आणि तेल कुठलं? आई म्हणते खोबरेल. शेजारचे तात्या म्हणतात गाडीचं जुनं इंजिन ऑइल.

---

अळूचं_फदफदं | २८ मे, ९.३२

खोबरेल लावा. निदान केस तरी चांगले येतील बंदुकीला.

---

बांदेकर_तिठा | २८ मे, १०.०५

हसतास कित्याक? माझ्या आज्याची ठासणीची होती, तोंडातसून दारू ठासून भरूची. पावस सुरू झालो काय ती चुलीच्या वर माळ्यार जाय. धूर लागायचो, ऊब लागायची. आजो गेलो तरी बंदूक चकचकीत. तेल खोबरेलच. आमच्याकडे दुसरा तेल होताच खंय?

---

फौजी_आजरा | २८ मे, ११.२०

काजूवाले, अभिनंदन. सैन्यात बावीस वर्षं हत्यारांच्या दुरुस्तीवर काढली, आता आजऱ्यात ऊस आणि नातवंडं सांभाळतो. मोबाइलवर टंकतोय, चुका पोटात घाला.

तुमच्या जुन्या बंदुकीचं उत्तर तुम्हीच दिलंय. शंभर बारांनी नळी बिघडत नाही. बिघडवते ती हवा. कोकणात जून ते सप्टेंबर लोखंड कपाटात बसल्याजागी गंजतं. त्यामुळे बार काढला नाही तरी साफ करावी का, याचं उत्तर हो. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा बाहेर काढायची, बघायची, पुसायची. हातात घेतली की ठेवण्याआधी पुसायची, कारण घामात मीठ असतं. नव्या बंदुकीवर बोटांचे ठसे लालसर उमटलेले मी कितीदा पाहिलेत.

आता ग्रीस. ते वाहतुकीसाठी आणि गोदामासाठी असतं, वापरासाठी नाही. काढा. सगळ्यात आधी दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी बघा, बोट घालून बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग पुढचा लाकडी भाग काढा, बंदूक मोडा (म्हणजे बिजागरीवर उघडा), नळ्या सुट्या करा. एवढंच सुटं करायचं. चापाच्या आतलं यंत्र उघडायचं नाही. स्क्रूड्रायव्हरला हात लागला की समजा दुरुस्तीचा खर्च आला.

कापड किंचित रॉकेलात किंवा टर्पेंटाइनमध्ये भिजवून ग्रीस पुसून घ्या. लाकडाला लागू देऊ नका. नळीच्या आत, जिथे काडतूस बसतं तिथे ग्रीसचा मागमूस राहता कामा नये. बार होतो तेव्हा काडतुसाचं कवच फुगून भिंतीला धरून बसतं. भिंत तेलकट असेल तर ते नीट धरत नाही आणि सगळा धक्का मागे कुलपावर, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या भागावर येतो.

रॉकेल उडून गेलं की लोखंड उघडं पडतं, म्हणून लगेच पातळ तेल. शिलाई मशीनचं चालेल, बंदुकीचं म्हणून मिळतं ते जास्त चांगलं. दोन-तीन थेंब कापडावर घ्या. आपण बंदूक पुसतोय, भजी तळत नाही.

बार काढल्यावरची सफाई वेगळी, ती उद्या लिहितो. डोळे मिटायला लागले.

---

धुके_आंबोली | २९ मे, सकाळी ७.४८

भजीचं वाक्य लिहून ठेवलं आहे. उद्याची वाट बघते.

---

सह्याद्रीवेडा | २९ मे, १०.३०

तांत्रिक चर्चा चालू द्या. पण रानडुक्कर वन्यजीव कायद्यात आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. गावोगाव लोक हे सोयीस्कर विसरतात. सौर कुंपण का लावत नाही?

---

काजूवाला | २९ मे, दुपारी १.१०

सह्याद्रीवेडा, मान्य. आमच्याकडे निम्म्या बागेला सौर कुंपण आहे. डुकरांना त्याचा धाक आहे, वानरं मात्र झाडावरून येतात, त्यांना तारेचं सोयरसुतक नाही. बाबांनी आयुष्यभर हवेत आवाजाचे बार काढले, मीही तेच करणार. कोणताही प्राणी मारायचा तर वनखात्याची परवानगी लागते, हे परवान्याआधीच्या प्रशिक्षणात बजावून सांगितलं होतं.

---

सह्याद्रीवेडा | २९ मे, १.२५

मग ठीक. वानरांवर आवाजाचा परिणाम किती दिवस टिकतो हा वेगळा धागा होईल.

---

बांदेकर_तिठा | २९ मे, १.४०

चार दिवस. पाचव्या दिवशी ते ऐकूक येतत.

---

फौजी_आजरा | २९ मे, रात्री ८.५०

कालचं पुढे.

बार काढला की त्याच दिवशी साफ. दमलो, उद्या बघू, असं नाही. नळी थंड होऊ द्या. गज नेहमी काडतुसाच्या बाजूने घालायचा, तोंडाकडून नाही, म्हणजे मळ चापाच्या यंत्रात उतरत नाही. आधी चिंदी सॉल्व्हंटमध्ये भिजवून एकदा फिरवा आणि दहा मिनिटं थांबा. मग पितळी ब्रश, बारा बोरचाच. तो आरपार न्यायचा, मध्येच उलटा ओढायचा नाही, तारा वाकतात. आठ-दहा फेऱ्या झाल्या की कोऱ्या चिंद्या घाला, शेवटची स्वच्छ निघेपर्यंत.

मग नळी उजेडाकडे धरा. आरशासारखी दिसली पाहिजे. काडतुसाची जागा संपते तिथून पुढे बोटभर अंतरात राखाडी रेघा दिसतात. ते शिसं किंवा काडतुसातलं प्लास्टिक. हल्लीच्या काडतुसांत प्लास्टिकची वाटी असते, गरम नळीला ती चाटून जाते. तिथे पुन्हा सॉल्व्हंट, पुन्हा ब्रश. दुसरी जागा तोंडाशी, जिथे नळी किंचित अरुंद होते.

शेवटी तेलाची चिंदी. नळ्या बसवताना बिजागरीच्या पिनेला डाळीएवढं ग्रीस, कारण तिथे लोखंडावर लोखंड घासतं. हात साबणाने धुवा, शिशाचा मळ जेवणात जायला नको.

बंदूक उभी ठेवायची तर तोंड खाली. तोंड वर ठेवली की वर्षभराचं तेल ओघळत मागे लाकडात मुरतं, लाकूड काळं आणि मऊ पडतं. आणि दुकानदाराने दिलेल्या चामड्याच्या पिशवीत ठेवायची नाही. पिशवी प्रवासापुरती. चामडं ओल धरून बसतं.

बार काढण्याआधी मात्र उलटं करायचं. कोरडी चिंदी घालून तेल पुसायचं आणि नळीतून आरपार बघायचं. हे 'बघायचं' एवढं तरी कुणी विसरू नये.

---

बागायत_देवगड | २९ मे, ९.१५

फौजीसाहेब, त्या शेवटच्या वाक्याला माझी पुरवणी. आमच्या काकांची एकनळी दारामागे खुंटीला असायची (आता तशी ठेवत नाहीत, कुलूपबंद कपाट आहे). एका ऑक्टोबरात काढली तर तोंडापासून वीतभर आत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं. आत अळी आणि तिच्यासाठी साठवलेले कोळी. काकांनी नळीत डोकावलं नसतं तर नळी फुटून हात गेला असता.

---

धुके_आंबोली | २९ मे, ९.२२

अंगावर काटा आला. आमच्या घरी ती कडीच्या भोकात घर करते एवढंच माहीत होतं.

---

काजूवाला | ३० मे, सकाळी ८.००

एकेक गोष्ट करतोय. ग्रीस काढलं, तीन जुनी फडकी बाद झाली.

खोबरेलाचा निकाल लागला नाही पण.

---

फौजी_आजरा | ३० मे, ८.४०

खोबरेल थंडीत गोठतं हे तुमच्या न्हाणीघरातल्या बाटलीवर दिसतंच. यंत्रात गोठलं की घोडा जड होतो. शिवाय खाण्याची तेलं हवेत राहून चिकट होतात आणि धूळ धरतात. बांदेकर, तुमच्या आजोबांची बंदूक टिकली ती चुलीच्या ऊबेने आणि त्यांच्या हाताने. महिन्यातून चारदा ते तिला पुसत असणार, हो की नाही?

तात्यांचं जुनं इंजिन ऑइल तर नकोच. त्यात इंजिनातला मळ आणि आम्ल उतरलेलं असतं.

---

बांदेकर_तिठा | ३० मे, ९.०५

रोज पुसायचो. आजयेपेक्षा जास्त प्रेम बंदुकीवर.

आणि ठासणीचा वेगळा. काळ्या दारूचो (बारुदीचो) मळ पाण्यानच जाता, तेलान नाय. आजो गरम पाणी ओतायचो नळीत, मग सुकवून तेल.

---

फौजी_आजरा | ३० मे, ९.२०

अगदी बरोबर. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढून घेते, म्हणून पाणीच हवं. आणि नळी गरम असताना पाणी पटकन वाळतं. आजोबा शहाणे होते.

---

टेक्सासकर | ३० मे, ११.५५

ह्यूस्टनहून. इथली हवा कोकणासारखीच चिकट. माझी पंप-ॲक्शन आहे, सप्टेंबरात पारव्यांच्या हंगामात आणि एरवी मातीच्या तबकड्यांवर वापरतो. फौजीसाहेबांच्या सांगण्यात बदल नाही, फक्त पंपची नळी पुढची टोपी काढून निघते आणि खालच्या काडतुसांच्या नळकांड्यातही ओल साठते, ती विसरली जाते. तोंडाला आटे असलेले चोक (नळीचं तोंड अरुंद करणारे सुटे तुकडे) ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते अधूनमधून काढून आट्यांना ग्रीस लावावं. मी दोन वर्षं काढला नाही. तिसऱ्या वर्षी तो आणि नळी एकजीव झाले होते.

कपाटात सिलिका जेल ठेवतो, महिन्याने भट्टीत सुकवून पुन्हा वापरतो.

---

अळूचं_फदफदं | ३० मे, दुपारी १२.१०

आमच्याकडे ती पुडी बुटांच्या खोक्यात सापडते आणि 'खाऊ नये' वाचून मुलं आधी तोंडात घालतात.

---

पन्हाळकरीण | ३० मे, ४.४५

दसऱ्याचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून आमची कथा.

सासूबाईंनी खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं घासली. तलवार, कोयता, पावशी आणि सासऱ्यांची दोननळी. कशाने? चिंचेने. तांब्याची भांडी निघतात ना लख्ख, तशी. बंदूकही निघाली लख्ख. म्हणजे तिचा काळा-निळा रंग निघाला आणि खालून पांढरं लोखंड आलं. सासूबाई खूश, सासरे तीन दिवस जेवले नाहीत. वर हळद, कुंकू, ओली फुलं, पाण्याचं बोट. दिवाळीपर्यंत कुंकवाच्या प्रत्येक टिकलीखाली गंजाची टिकली.

---

फौजी_आजरा | ३० मे, ५.३०

हसून डोळ्यांत पाणी आलं. तो काळा-निळा थर म्हणजे मुद्दाम चढवलेला गंजच असतो, पण शहाणा गंज, जो तेल धरून ठेवतो आणि लाल गंजाला येऊ देत नाही. चिंच, लिंबू, कोकम, व्हिनेगर, सगळी आंबट मंडळी त्याला खातात. पूजा जरूर करा, आम्हीही करायचो. गंध दस्त्याला लावा, फूल शेजारी ठेवा, संध्याकाळी पुसून तेल लावा.

---

कोडगूची_सून | ३० मे, रात्री ८.१५

माझं माहेर कोल्हापूर, सासर मडिकेरीजवळ. इथे कैलपोळ्द नावाचा सण सप्टेंबरच्या सुरुवातीला येतो, भातलावणी संपल्यावर. बंदुका काढून साफ करतात, देवाजवळ ठेवतात आणि नळीच्या तोंडात 'तोक पू' खोचतात. तोक म्हणजे बंदूक, पू म्हणजे फूल. आपली कळलावी! कोडव लोकांना बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे, २०१९ मध्ये ती आणखी दहा वर्षांनी वाढवली. त्यामुळे बंदूक इथे घरातल्या माणसासारखी.

बागायत_देवगड यांचा किस्सा वाचून सासऱ्यांना विचारलं, फूल आत राहिलं तर? ते म्हणाले, सण संपल्यावर आधी फूल काढायचं, मग गज फिरवायचा, मगच नेमबाजीला जायचं. हा क्रम त्यांच्या आजोबांचा.

---

वाशिष्ठीकाठ | ३१ मे, सकाळी ९.५०

चिपळूणहून. इथे कुणी पुराचं विचारलेलं नाही, पण पाऊस तोंडावर आहे म्हणून लिहून ठेवतो.

२२ जुलै २०२१ ला आमच्या तळमजल्यावर छतापर्यंत पाणी होतं. बंदूक लोखंडी कपाटात, कपाट चिखलात. दुसऱ्या दिवशी काढली तेव्हा ती चिखलाचा ठोकळा होती. माझी पहिली चूक: वरचा चिखल पुसला आणि 'आता वाळू दे' म्हणून उन्हात ठेवली. संध्याकाळपर्यंत लाल. मग ओळखीच्या एका जुन्या कारागिराने फोनवर सांगितलं, वाळू देऊच नको. सुटी कर, स्वच्छ पाण्याने धू, फडक्याने टिप, मग पाणी हटवणारा स्प्रे, मग तेल. तसं केलं. नळ्या वाचल्या. दस्ता फुगला तो फुगलाच. चापाचं यंत्र परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे उघडून घ्यावं लागलं, आतून चमचाभर गाळ निघाला. काडतुसं सगळी भिजली होती, ती पोलीस ठाण्यात नोंदवून जमा केली. भिजलेलं काडतूस वाळवून वापरायचा मोह कुणी करू नये. अर्धवट जळलं तर डाट (काडतुसातली ती वाटी) नळीत अडकतो आणि मागून दुसरा बार काढला की संपलं.

तेव्हापासून कपाट माडीवर.

---

रेडीकर | ३१ मे, ११.३०

यंत्रणेच्या कृपेचंही लिहा. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक जमा केली होती. परत मिळाली तेव्हा नळीला लाल मिशा. कोणालाच विचारता येत नाही. ज्या खोलीत ठेवल्या होत्या तिचं छप्पर गळत होतं म्हणे.

---

बागायत_देवगड | ३१ मे, ११.५०

जमा करताना काय करायचं हे मी अनुभवाने शिकलो. नळीत आणि बाहेर नेहमीपेक्षा जाड तेल, त्यावर तेलकट कापड गुंडाळायचं, पिशवी नाही. जमा करतानाच दस्त्याची आणि नळीची स्थिती पावतीवर लिहून मागायची. लिहून देतातच असं नाही, पण मागितलं की निदान बंदूक भिंतीला टेकवून ठेवत नाहीत. सगळ्यांचीच जमा करून घ्यायची असंही नसतं, त्यासाठी छाननी समिती असते. आपल्या नावाचं काय झालं ते आधी विचारावं.

---

टेक्सासकर | ३१ मे, ८.१० (इथली सकाळ)

एक राहिलं. घरात दोन वेगळ्या बोरच्या बंदुका असतील तर काडतुसं कधीही एकत्र ठेवू नका. वीस बोरचं काडतूस बारा बोरच्या नळीत सरकून पुढे जाऊन अडकतं, दिसतही नाही. माणसाला वाटतं नळी रिकामीच आहे, तो मागून बाराचं घालतो. वीसचं कवच पिवळं ठेवतात ते याचसाठी.

---

काजूवाला | २ जून, रात्री १०.४०

मंडळी, मदत. हसू नका.

आज सरावाला दोन बार काढले. साफ करताना चिंद्या संपल्या म्हणून एक बनियन फाडली. तुकडा जरा मोठा झाला असावा. गज उजव्या नळीत अर्ध्यावर जाऊन अडकला आहे. पुढेही जात नाही, मागेही येत नाही. जोर लावला तर गजाचा आटा फिरून मागचा तुकडा हातात आला. आता नळीत बनियन, दीड तुकडा गज आणि माझी अब्रू.

---

अळूचं_फदफदं | २ जून, १०.४२

एक बार काढा, उडून जाईल.

---

फौजी_आजरा | २ जून, १०.४४

अळूचं_फदफदं, हा विनोद इथे नको. उद्या कोणीतरी खरंच करेल. अडकलेल्या नळीत बार काढला तर नळी फाटते, डावा हात तिथेच असतो. कृपया संपादित करा.

काजूवाले, घाबरू नका, प्रत्येक जवानाने हे एकदा केलंय. हातोडी नाही, लोखंडी सळई नाही. नळ्या सुट्या करा. दोन्ही बाजूंनी पातळ तेल ओता, रात्रभर आडवी ठेवा. सकाळी नळीच्या मापाची सरळ लाकडी काठी तोंडाकडून घाला आणि चिंदी काडतुसाच्या बाजूला ढकला. तोंडाशी नळी अरुंद आहे, म्हणून तिकडे ओढायचं नाही, मागे ढकलायचं. हळूहळू, एकसारखा जोर. चिंदीचं माप: दोन बोटं रुंद, पातळ सुती, फलालीन असेल तर उत्तम. गज किंचित दाबून जावा, कुस्ती खेळून नव्हे.

---

अळूचं_फदफदं | २ जून, १०.५०

माफ करा साहेब. संपादनाची मुदत संपली आहे, म्हणून इथेच लिहितो: वरचं कुणीही करू नका.

---

बांदेकर_तिठा | ३ जून, सकाळी ७.१५

काठी सुपारीची घे. सरळ असता.

---

काजूवाला | ३ जून, ९.२०

निघाली! सुपारीच्या काठीनेच. तिघं लागलो: मी, काठी धरायला तात्या, आणि 'जुनं ऑइल लावलं असतंस तर अडकलीच नसती' म्हणायलाही तात्याच.

नळी उजेडात बघितली. आरसा. तेल लावून, तोंड खाली करून कपाटात ठेवली. बाहेर पहिला पाऊस पडतोय.

फक्त एक राहिलं. बनियन बाबांची होती आणि नवी होती. ते सकाळपासून शोधतायत.